१.२ लिटर, चार सिलिंडर, ९० पीएस: स्विफ्टच्या पेट्रोल इंजिनचे आकडे वाचायचे कसे आणि टिकाऊपणा ओळखायचा कसा?

नवा फोन घ्यायचा म्हटलं की आपण प्रोसेसर, रॅम, बॅटरी सगळं तोंडपाठ करतो. पण चार-पाच लाख रुपये मोजून पहिली गाडी घेताना, त्यातही सेकंडहँड घेताना, बहुतेकजण तीनच गोष्टी बघतात: रंग, किलोमीटर आणि टायर. इंजिनच्या रकान्यात जे आकडे असतात ते वाचून पुढे सरकतात. फोन फसला तर वीस हजार जातात, इंजिन फसलं तर वर्षभराचा पगार जाऊ शकतो.

मला सध्या सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: 'स्विफ्ट जुनी चार सिलिंडरवाली घेऊ की नवी तीन सिलिंडरवाली?' म्हणून आज मी एकच इंजिन समोर ठेवून सगळं समजावतो. ते म्हणजे २०२१ ते २०२४ च्या मारुती सुझुकी स्विफ्टमधलं के१२एन पेट्रोल इंजिन. मे २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टला तीन सिलिंडरचं इंजिन मिळालं, त्यामुळे चार सिलिंडरची स्विफ्ट हवी असेल तर आता जुन्या बाजारातच शोधावी लागते. आधी कागदावरचे आकडे बघूया.

मुख्य स्पेसिफिकेशन्स

- क्षमता: ११९७ सीसी, ४ सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह
- बोअर (सिलिंडरचा व्यास): ७३ मिमी
- स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव): ७१.५ मिमी
- पॉवर: ६६ किलोवॅट म्हणजे ९० पीएस, ६००० आरपीएमला
- टॉर्क: ११३ न्यूटन मीटर, ४४०० आरपीएमला
- कॉम्प्रेशन रेशो: १२:१
- टर्बो: नाही
- टायमिंग: चेन

सीसी म्हणजे नक्की काय?

शाळेतलं सिलिंडरच्या घनफळाचं सूत्र आठवतंय? व्यास ७.३ सेमी आणि उंची ७.१५ सेमी धरली तर एका सिलिंडरचं घनफळ येतं साधारण २९९ घन सेमी. त्याला चारने गुणा, ११९७ येईल. बस्स, हेच सीसी! म्हणजे सगळे सिलिंडर मिळून इंजिन एका पूर्ण चक्रात किती हवा-पेट्रोल आत घेऊ शकतं त्याचं माप. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलसारखंच आहे हे. आकडा मोठा असला म्हणजे फोटो भारीच येईल असं नसतं.

पॉवर आणि टॉर्क: भांडण नाही, नातं आहे

टॉर्क म्हणजे क्रँकशाफ्टला मिळणारा पीळ. पॉवर म्हणजे तो पीळ किती वेगाने मिळतो ते. सूत्र सोपं आहे: टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, उत्तर किलोवॅटमध्ये.

आता उलटं गणित करा. ६००० आरपीएमला ६६ किलोवॅट हवेत, तर त्या क्षणी टॉर्क किती? साधारण १०५ न्यूटन मीटर. म्हणजे ४४०० ला ११३ असलेला टॉर्क ६००० पर्यंत फार पडलेला नाही. इंजिन वरच्या आरपीएमलाही दमत नाही, असा याचा अर्थ. पण दुसरी बाजूही बघा. शहरात आपण गाडी २००० च्या आसपास चालवतो. ब्रोशरमधले ९० पीएस तिथे मिळतच नाहीत. चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी रडायला लागली तर इंजिनमध्ये बिघाड आहे असं समजू नका, खालचा गिअर टाका. टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनचा हा स्वभावच आहे.

चार की तीन सिलिंडर?

फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एकदा पेटतो. चार सिलिंडर असतील तर दर १८० अंशांनी एक धक्का मिळतो, तीन असतील तर दर २४० अंशांनी. धक्के जवळजवळ आले की गाडी गुळगुळीत वाटते. शिवाय चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, त्यामुळे बरीचशी ओढाताण आपसातच मिटते. तीनमध्ये इंजिन दोन्ही टोकांनी डुलायला बघतं, आणि सिग्नलला उभं राहिल्यावर स्टिअरिंगमध्ये थरथर जाणवू शकते.

मग कंपनीने तीन का केले? कारण एक पिस्टन कमी, चार व्हॉल्व्ह कमी, म्हणजे घर्षण कमी. जुन्या मॅन्युअल स्विफ्टचं कागदावरचं मायलेज २३.२० किमी होतं, नवीचं २४.८० किमी आहे. पॉवर मात्र ९० वरून ८२ पीएसच्या आसपास आली. म्हणजे उत्तर सरळ आहे: गुळगुळीतपणा आणि थोडा जास्त दम हवा तर चार, मायलेज हवं तर तीन. तीन सिलिंडर आहेत म्हणून इंजिन लवकर मरतं, हा मात्र निव्वळ गैरसमज.

टिकाऊपणा कुठून येतो?

ब्रोशरमध्ये टिकाऊपणाचा रकाना नसतो, पण काही आकडे इशारा देतात.

पहिला इशारा म्हणजे दर लिटरमागे किती पॉवर काढली आहे. इथे १.२ लिटरमधून ९० पीएस, म्हणजे लिटरमागे ७५. एक लिटरच्या टर्बो इंजिनमधून आज १०० पीएस सहज काढतात. जास्त पॉवर म्हणजे जास्त दाब आणि जास्त उष्णता. के१२एन त्या मानाने निवांत काम करतं, आणि टर्बोच नाही म्हटल्यावर तो बिघडण्याचाही प्रश्न नाही.

दुसरा इशारा पिस्टनचा वेग. ६००० आरपीएमला हा पिस्टन सरासरी सेकंदाला १४.३ मीटर धावतो, म्हणजे ताशी ५१ किमीच्या वेगाने वर-खाली. त्याच्या आणि सिलिंडरच्या भिंतीमध्ये असतो फक्त ऑइलचा पातळ थर. म्हणून ऑइल हा या इंजिनचा खरा जीव.

तिसरा, टायमिंग चेन. रबरी बेल्ट ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो, चेनला तशी ठरलेली मुदत नसते. पण चेन ऑइलवरच जगते. ऑइल काळं आणि कमी ठेवलं की चेन ताणते आणि थंड इंजिन चालू करताना खडखड ऐकू येते.

किलोमीटर फसवतात, तास नाही

सेकंडहँड घेताना हे नक्की लक्षात ठेवा. समजा दोन गाड्या आहेत, दोन्ही १ लाख किमी चाललेल्या. एक हायवेवर सरासरी ६० च्या वेगाने, दुसरी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सरासरी २० ने. पहिलीचं इंजिन चाललं अंदाजे १६६७ तास, दुसरीचं ५००० तास. मीटरवर आकडा तोच, पण कष्ट तिप्पट! म्हणून 'फक्त सिटीत चालवलीय' हे वाक्य ऐकून खूश होऊ नका. ऑइल 'दहा हजार किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते' असं बदलायला सांगतात, त्यातला 'एक वर्ष' हा भाग याचसाठी आहे.

ई२० चं काय?

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिसळलं की बेरीज येते २९.८, म्हणजे साधारण ७ टक्के कमी. १६ चं मायलेज देणारी गाडी निव्वळ गणिताने १५ च्या जवळ येईल. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, हा त्याचा फायदा. १२:१ सारख्या जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनला नॉकिंग टाळायला तो मदतच करतो. चिंता आहे ती रबरी पाइप आणि सील यांची. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांत सर्वसाधारणपणे ई२० ला चालणारे भाग आहेत. त्याआधीची गाडी घेत असाल तर मॅन्युअलमध्ये आणि पेट्रोलच्या झाकणाशी काय लिहिलंय ते वाचा.

फोन काढा आणि इंजिन तपासा

आता आपल्या हातातलं शस्त्र! स्टिअरिंगच्या खाली ओबीडी पोर्ट असतो. त्यात ब्लूटूथ ॲडॉप्टर लावला की इंजिनचा कॉम्प्युटर फोनवर बोलायला लागतो. मी गाडी बघायला जाताना हा ॲडॉप्टर खिशात ठेवतोच. बघायच्या गोष्टी:

- एरर कोड: पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही. कारण कधी साधा प्लग किंवा कॉइल असतं, कधी कॉम्प्रेशन गेलेलं असतं.
- कोड पुसल्यापासूनचे किमी आणि रेडीनेस मॉनिटर: मामेभावासाठी एक गाडी बघायला गेलो तेव्हा स्क्रीनवर एकही कोड नव्हता. पण कोड पुसल्यानंतर ती गाडी फक्त ६ किमी चालली होती आणि मॉनिटर अपूर्ण होते. म्हणजे आम्ही येण्याआधी कोणीतरी पाटी कोरी केली होती. बॅटरी काढली तरी असं दिसू शकतं, म्हणून मी आरोप केला नाही. 'आठवडाभर चालवा, मग परत बघतो' एवढंच म्हणालो. विक्रेत्याने विषय बदलला, आम्ही गाडी बदलली.
- कूलंटचं तापमान: वाढून एका जागी स्थिर राहायला हवं. ट्रॅफिकमध्ये चढतच गेलं तर तिथेच थांबा.
- फ्युएल ट्रिम: शून्याच्या आसपास चांगला. सतत अधिक-उणे १० टक्क्यांच्या पलीकडे असेल तर कुठेतरी हवा गळतेय किंवा सेन्सर, इंजेक्टर बघायला हवा.

फोन सगळं सांगत नाही, डोळे आणि कानही वापरा. गाडी थंडच असू द्या असं आधीच सांगून ठेवा, बोनेटला हात लावून खात्री करा. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखा थर दाट असेल तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असू शकतं. आणि सौदा पक्का होण्याआधी मेकॅनिककडून कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. फोनच्या बॅटरी हेल्थसारखीच ही इंजिनची हेल्थ समजा. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ, साधारण १० टक्क्यांच्या आत हवेत. तीन सारखे आणि एक मागे असेल तर प्रश्न त्या एकातच आहे.

माझं मत विचाराल तर के१२एन हे साधं, कमी ताणाचं आणि जुनी गाडी घेणाऱ्यासाठी समजूतदार इंजिन आहे. पण मॉडेल चांगलं असणं वेगळं आणि तुमच्यासमोर उभी असलेली गाडी चांगली असणं वेगळं. सर्व्हिसची बिलं मागा, तारखा आणि किलोमीटर जुळवून बघा. दरवर्षी ऑइल बदललेली ९० हजार किमीची गाडी मी डोळे झाकून नाही, पण डोळे उघडे ठेवून नक्की घेईन. बिलं नसलेली ४० हजारांची मात्र कितीही चमकत असली तरी सोडून देईन.