पिनांगची मशीद आणि अब्बांची राहिलेली दुआ

सिंगापूरहून निघालेले आमचे क्रूझ जहाज सकाळी पिनांगच्या धक्क्याला लागले, तेव्हा आमचे सासरे, म्हणजे अब्बा, केव्हाचेच तयार होऊन डेकवर उभे होते. डोक्यावर टोपी, हातात तस्बीह. एकतीस वर्षे मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून काढलेला हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा प्रवासी म्हणून जहाजावर चढला होता. चार रात्रींच्या या सफरीत त्यांनी एकाच बंदराची चौकशी केली होती, पिनांगची. का, ते सांगितले नव्हते.

आमच्या कोकणात खाडीकाठच्या गावांतून जहाजावर गेलेला माणूस घरोघरी सापडतो. त्यांना जगातल्या बंदरांची नावे पाठ असतात, पण शहरे पाहिलेली नसतात. माल उतरवायचा, चढवायचा आणि निघायचे. अब्बाही पिनांगला तीनदा आले होते, पण शहरात एकदाही गेले नव्हते.

आम्ही दिवसभराची गाईडसह सहल घेतली होती. आमची गाईड तिथलीच तमिळ मुस्लिम बाई. तिचे पूर्वज तमिळनाडूतून व्यापारासाठी आलेले. डोक्यावर स्कार्फ, तोंडात इंग्रजी, तमिळ आणि मलय. 'सलाम' केल्यावर तिचा चेहरा खुलला. आम्ही शाळेत शिकवतो म्हटल्यावर ती म्हणाली, ''मलय भाषेत शिक्षकाला गुरूच म्हणतात!'' भाषेला 'बहासा', जगाला 'दुनिया' आणि खुर्चीला 'करुसी'. संस्कृत आणि अरबी दोन्ही शब्द एकाच ओळीत बसलेले. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या आम्हांला ही भाषा लगेच नात्यातली वाटली.

या शहराचे नाव जॉर्ज टाऊन. १७८६ साली फ्रान्सिस लाइट या इंग्रज व्यापाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीसाठी पिनांग बेट ताब्यात घेतले आणि तिथे जकात नसलेले बंदर वसवले. मग चीन, तमिळ किनारा, सुमात्रा, अरबस्तान, अर्मेनिया असे कुठकुठचे लोक आले. रस्त्यांची नावेच त्याची साक्ष देतात: चुलिया स्ट्रीट, आर्मेनियन स्ट्रीट, आचे स्ट्रीट. २००८ साली युनेस्कोने मलाक्का आणि जॉर्ज टाऊन या दोन्ही शहरांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला.

एका रस्त्यावर तर गाईडने आम्हांला नुसते चालवत नेले. सुरुवातीला १८१८ साली बांधलेले पांढरेशुभ्र सेंट जॉर्ज चर्च. थोडे पुढे चिनी लोकांचे दयेच्या देवीचे जुने मंदिर, दारात उदबत्त्यांचा धूर. जवळच १८३३ सालचे मारिअम्मनचे देऊळ. आणि पुढे कापितान केलिंग मशीद. ही मशीद १८०१ साली भारतातून आलेल्या मुस्लिमांनी उभारली. त्यांचा पुढारी कादर मोहिद्दीन. इंग्रज प्रत्येक समाजाचा एक प्रमुख नेमत, त्याला 'कापितान' म्हणत. 'केलिंग' म्हणजे भारतातून आलेले लोक. हा शब्द कलिंग देशावरून आला, असे मानतात. आज तिथल्या भारतीयांना तो अपमानाचा वाटतो, पण मशिदीचे नाव तेच राहिले आहे.

मशिदीपाशी गाईड म्हणाली, ''वीस मिनिटे. फोटो काढा, मग डोंगराकडच्या मोठ्या बौद्ध मंदिराला जायचे आहे.'' साडेदहा वाजले होते. तिथे जोहरची वेळ दुपारी एक वाजल्यानंतर होते.

अब्बा अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, ''तुम्ही जा. मी जोहर इथे जमाअतने पढून येतो.''

आमचे 'हे' घाबरले. अब्बांचे वय शहात्तर, गुडघे दुखणारे, परका देश. सहलीचे पैसे भरलेले. साडेचारला जहाजावर हजर राहायचे. ''अब्बा, जहाज निघून गेले तर?'' अब्बा हसले. ''जहाज कोणासाठी थांबत नाही, हे मला नको सांगूस.''

गाईडने सहप्रवाशांना विचारून पाहिले. बस दुपारी परत इकडे आणता येईल का? काहींनी नकार दिला, आणि त्यांचे चुकले असेही आम्हांला वाटत नाही. पैसे त्यांनीही भरले होते. शेवटी आपण स्वतःच्या जबाबदारीवर गट सोडत आहोत, अशा कागदावर आम्ही तिघांनी सह्या केल्या. गाईडने नकाशावर मशिदीपासून धक्क्यापर्यंत पेनाने रेघ ओढून दिली. ''चालत पंधरा मिनिटे. अब्बांच्या चालीने अर्धा तास धरा,'' ती म्हणाली.

जोहरपर्यंत वेळ होता. आम्ही सावकाश आचे स्ट्रीटच्या मशिदीकडे गेलो. १८०८ सालची ही मशीद, तिचा मिनार अष्टकोनी. विमानापूर्वीच्या काळात उत्तर मलाया, दक्षिण थायलंड, सुमात्रा इथले हाजी याच गल्लीत येऊन मुक्काम करत, तिकीट आणि शिदोरी घेऊन जिद्दाच्या जहाजाची वाट पाहत. म्हणून या भागाला 'दुसरे जिद्दा' म्हणत. अब्बांना मुंबईचा मुसाफिरखाना आठवला. आपल्याकडेही १९९५ पर्यंत मुंबईहून हाजी जहाजाने जात. ''निरोप द्यायला आलेले लोक धक्क्यावर रडायचे. इथेही तसेच असेल,'' अब्बा म्हणाले.

कापितान केलिंगला परतलो तेव्हा अजान सुरू झाली होती. बायकांसाठी वेगळी जागा, वजूची वेगळी सोय, आणि टांगून ठेवलेले स्वच्छ पांढरे नमाजचे पोशाख. आमच्या गावात बायका मशिदीत जात नाहीत. म्हणून त्या सफेत पोशाखात तमिळ, मलय, इंडोनेशियन बायकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहताना आमचा गळा दाटून आला. मुसाफिराला कसरची सवलत असते. पण मुकीम इमामाच्या मागे आम्ही चारही रकात पढलो.

नमाज संपली, लोक पांगले. अब्बा मात्र कितीतरी वेळ हात उचलून बसून राहिले. बाहेर आल्यावर पायरीवर बसून त्यांनी पहिल्यांदाच सांगितले.

''त्या वर्षी आमचे जहाज इथेच नांगरून होते. तार आली, आई गेली म्हणून. दहा दिवस आधीच गेलेली. मी साहेबाला म्हटले, एक तास द्या, मशिदीत जाऊन येतो. परवानगी मिळाली नाही. रात्री डेकवर एकट्याने दुआ केली. पण वाटायचे, आईसाठी जमाअतीत उभे राहून काही मागितलेच नाही. दुआ तर कुठूनही पोचते, हे मलाही कळते. तरी मन मानत नव्हते.''

आम्ही काही बोललो नाही. 'ह्यां'नी अब्बांचे बूट पुढे सरकवले आणि खाली बसून त्यांच्या नाड्या बांधल्या.

जवळच्या दुकानात आम्ही 'नासी कांदर' जेवलो. पूर्वी तमिळ मुस्लिम विक्रेते खांद्यावर कावड घेऊन भात आणि कालवण विकत; त्या कावडीला मलयमध्ये 'कांदर' म्हणतात. अब्बांनी दोनदा भात घेतला. मग लिटल इंडियातून, फुलांच्या हारांच्या आणि मसाल्याच्या वासातून, रेघेप्रमाणे चालत साडेतीनला धक्क्यावर पोचलो. आमची बस आमच्यानंतर आली. गाईड उतरली ती थेट अब्बांकडे आली. ''झाली नमाज?'' अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

वाचकहो, अशा सहलीला जाल तर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. बंदरात उतरण्याआधी त्या शहरातल्या नमाजच्या वेळा लिहून घ्या आणि गाईडला सकाळीच सांगून ठेवा; आम्ही साडेदहाला सांगितले, तिथेच चुकलो. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना निघण्यापूर्वी विचारा, ''तुम्हांला तिथे काय करायचे आहे?'' आम्ही अब्बांना तिकीट दाखवले, खोली दाखवली, जेवणाची यादी दाखवली. हे तेवढे विचारायचे राहून गेले होते.

जहाज सुटले तेव्हा अब्बा पुन्हा डेकवर होते. शहराचे दिवे लागत होते. या वेळी मात्र ते फार वेळ थांबले नाहीत. ''चला, मगरिबची वेळ झाली,'' म्हणाले आणि आमच्या आधी आत गेले.