स्प्रिंग कडक नको, बेताची हवी



विजेचे आणि सौर पंप आले, तरी काही विहिरींवर जुने संथ गतीचे डिझेल इंजिन अजून पाणी ओढते आहे. हंगामाआधी त्याचे हेड उतरवले की एखादा मिस्त्री सुचवतो, "व्हॉल्व्हला जरा कडक स्प्रिंग टाकू, इंजिन पळेल." होकार देण्यापूर्वी स्प्रिंगचे काम समजून घ्या.

कॅम, टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर मिळून व्हॉल्व्ह उघडतात. तो वेळेवर मिटवण्याचे काम स्प्रिंगचे. हे भाग जितके जड आणि इंजिन जितके वेगवान, तितकी स्प्रिंग जोरदार लागते. वेग दुप्पट झाला की जोर चौपट लागतो. म्हणून अमेरिकेत जुन्या मोटारी शर्यतीसाठी सजवणारे हौशी लोक आधी हे भाग हलके करतात, मग बेताची स्प्रिंग निवडतात. शेवरोलेच्या १९५५ च्या आठ सिलिंडरी इंजिनात पत्रा दाबून घडवलेले हलके रॉकर होते. त्यामुळे ते इंजिन जादा वेग सहज पेलत असे.

आपले लिस्टर धर्तीचे ६ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ६५० फेरेच घेते. त्याला शर्यतीची स्प्रिंग कशाला? वेग ठरवतो गव्हर्नर. कडक स्प्रिंगने कॅम आणि टॅपेट मात्र लवकर झिजतात. गव्हर्नर आवळून वेग वाढवाल, तर बिडाच्या फ्लायव्हीलवरचा ताणही त्याच हिशेबाने, दुपटीला चौपट, वाढतो. चाक फुटले तर जवळच्या माणसाच्या जिवावर बेतते.

स्प्रिंग अशी पारखा :

१. जुन्या स्प्रिंगा त्याच मॉडेलच्या नव्या स्प्रिंगशेजारी सपाट काचेवर उभ्या करा. आखूड भरेल ती दमली. तिने व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही.

२. गुण्या लावून पाहा. कललेली स्प्रिंग व्हॉल्व्हची दांडी एका अंगाला रेटते आणि गाइड झिजवते.

३. गंजाचा खड्डा किंवा चीर दिसली की ती टाकून द्या. तेथून ती तुटली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतो.

४. दमलेल्या स्प्रिंगखाली वायसर घालू नका. व्हॉल्व्ह उघडताना वेढे एकमेकांना भिडले तर पुशरॉड वाकतो.

५. रॉकर किंवा पुशरॉड घासून हलका करू नका. संथ इंजिनाला त्याचा लाभ नाही, भाग मात्र कमकुवत होतो.

६. शेवटी टॅपेटची फट पुस्तिकेप्रमाणे फिलर गेजने लावा. फट फार कमी राहिली तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, दाब निसटतो, आणि व्हॉल्व्ह जळतो.

दुकानात जाताना इंजिनाच्या पाटीवरचे मॉडेल, अश्वशक्ती आणि फेरे कागदावर लिहून न्या. जुनी स्प्रिंगही बरोबर ठेवा. उन्हाळ्यात भाजीपाल्याची पाळी चुकली तर पीक थांबत नाही. म्हणून हे काम हंगामाआधीच उरकून घ्या.