तीस पिनांचा गजर

न्यू जर्सीतलं राहवे हे काही पर्यटकांच्या यादीतलं शहर नाही. पण आवाज यंत्रात भरून ठेवण्याच्या धंद्याशी या परिसराचं नातं जुनं आहे. इथून काही मैलांवर मेन्लो पार्कमध्ये १८७७ साली थॉमस एडिसनने फोनोग्राफ बनवला. तो भाग आज ज्या वस्तीत मोडतो तिचं नावच एडिसन. तिथला आणि शेजारच्या इझलिनमधला ओक ट्री रोड त्या भागातल्या मराठी कुटुंबांना डाळी, साड्या आणि दिवाळीच्या भाजणीसाठी तोंडपाठ असतो. याच पट्ट्यात, राहवेमध्ये, एसडीआय टेक्नॉलॉजीज ही कंपनी. पूर्वी ती ‘रिअलटोन’ नावाचे जपानी ट्रान्झिस्टर विकायची, मग ‘साउंडडिझाइन’ नावाचे स्वस्त स्टिरिओ. शौकीन मंडळींनी नाक मुरडावं असाच तो माल होता. २००५ साली या कंपनीने ‘आयहोम’ या नावाने एक गजराचं घड्याळ बाजारात आणलं. त्याच्या डोक्यावर एक खाच होती आणि त्या खाचेत आयपॉड उभा राहायचा. नाव ‘आयएच५’, किंमत शंभर डॉलरच्या आसपास.

रात्री आयपॉड त्यात ठेवायचा. तो चार्ज होत राहायचा आणि सकाळी ठरल्या वेळी त्याच्यातलंच गाणं हळू आवाजात सुरू होऊन चढत जायचं. आज यात नवल वाटत नाही. पण झोपेतून कोणत्या आवाजाने उठायचं हे माणसाने स्वतः ठरवण्याची सोय सामान्य घरात तोवर कमीच असायची.

गजराचा इतिहास तसा हुकूमशाहीचाच. न्यू हॅम्पशायरमधल्या लीव्हाय हचिन्स या घड्याळजीने १७८७ साली स्वतःसाठी गजर बनवला, तो फक्त पहाटे चार वाजता वाजायचा. वेळ बदलायची सोय नाही. वेळ बदलता येणाऱ्या गजराचं पेटंट फ्रान्समध्ये आंत्वान रेदिए याने १८४७ साली घेतलं. पण आवाज घंटेचाच राहिला. १९४०च्या दशकात अमेरिकेत घड्याळ आणि रेडिओ एका पेटीत आले. १९५६ साली जनरल इलेक्ट्रिक-टेलिक्रॉनचं ‘स्नूझ’वालं घड्याळ आलं आणि आळसाला यंत्राची अधिकृत मान्यता मिळाली. पुढे त्या डुलकीची नऊ मिनिटं अशी काही रूढ झाली की आयफोननेही तीच उचलली. सोनीने १९६८ साली आकड्यांच्या पट्ट्या फटाफट उलटणारा ‘डिजिमॅटिक’ रेडिओ काढला. पण रेडिओवर काय लागेल हे स्टेशनवाल्याच्या हातात. १९९३च्या ‘ग्राउंडहॉग डे’ या सिनेमात नायकाला रोज सकाळी सहा वाजता उशाच्या रेडिओवर तेच गाणं ऐकून उठावं लागतं. ती शिक्षा प्रेक्षकाला लगेच कळते, कारण तसा रेडिओ त्याच्याही घरी असतो.

पहिला आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर झाला तेव्हा त्याला उशाशी बसवणं सोपं नव्हतं. ते शक्य झालं २८ एप्रिल २००३ला, तिसऱ्या पिढीच्या आयपॉडच्या बुडाशी तीस पिनांची एक पातळ, रुंद जोडणी आली तेव्हा. या जोडणीकडे जरा नीट बघायला हवं, कारण या सगळ्या यंत्रांचा जन्म तिच्यातून झाला आणि मरणही.

या तीस पिनांतून एकाच वेळी अनेक कामं होत. काही पिना वीज आत घेत, आणि तीही दोन वाटांनी: फायरवायर या तेव्हाच्या केबलच्या १२ व्होल्टने किंवा यूएसबीच्या ५ व्होल्टने. दोन पिनांवरून डाव्या-उजव्या बाजूचा आवाज थेट बाहेर येई, हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरला वगळून. त्यामुळे आयपॉडचा आवाज कितीही लहान-मोठा ठेवलेला असो, स्पीकरला नेहमी एकसारखा संकेत मिळे आणि आवाजाचं बटण फक्त घड्याळावर चाले. आणखी दोन पिनांवरून घड्याळ आणि आयपॉड एकमेकांशी बोलत: सुरू हो, थांब, पुढचं गाणं लाव. एका पिनेवर ठरावीक रोध लावला की आपल्याला कुठल्या जातीचं उपकरण जोडलं आहे हे आयपॉडला कळे. कानात घालायच्या वायरीने यातलं एकच काम व्हायचं, आवाज नेण्याचं. म्हणून साध्या वायरीने जोडलेला एमपी३ प्लेअर सकाळी आपणहून सुरू होऊ शकत नव्हता. या खाचेतला होत होता.

अर्थात ही जोडणी अ‍ॅपलच्या मालकीची. ‘मेड फॉर आयपॉड’ हा शिक्का हवा तर अ‍ॅपलचा परवाना घ्या, शुल्क भरा, नियम पाळा. आयपॉडच्या देहाचं मापही दर वर्षी बदलायचं: मिनी, नॅनो, व्हिडिओ, मग आणखी बारीक नॅनो. त्यासाठी प्लॅस्टिकचे छोटे साचे निघाले. ते खाचेत बसवायचे आणि त्यात आपला आयपॉड. जुन्या डॉकच्या, म्हणजे अशा खाचवाल्या यंत्राच्या, खोक्यात आजही असे साचे सापडतात आणि कुठला कशाचा हे घरात कुणालाच आठवत नाही.

या धंद्यात मोठी नावं उतरली होती. बोस कंपनीचा ‘साउंडडॉक’ २००४चा. तिचे संस्थापक अमर बोस हे भारतातून अमेरिकेत गेलेल्या एका बंगाली क्रांतिकारकाचे चिरंजीव आणि एमआयटीतले प्राध्यापक. बोसने १९९३ सालीच गजर असलेला ‘वेव्ह रेडिओ’ काढून उशाजवळच्या छोट्या पेटीतूनही भरदार आवाज काढता येतो हे दाखवून दिलं होतं. पण साउंडडॉकला ना घड्याळ, ना गजर. खुद्द अ‍ॅपलने २८ फेब्रुवारी २००६ला ‘आयपॉड हाय-फाय’ आणला. किंमत ३४९ डॉलर, आवाज दणदणीत, वीज नसली तर सहा मोठे सेल घालून चालणारा. स्टीव्ह जॉब्सने व्यासपीठावर त्याची तारीफ घरच्या स्टिरिओशी तुलना करून केली. त्यातही रेडिओ नव्हता, घड्याळ नव्हतं. दीड वर्षात, सप्टेंबर २००७मध्ये, अ‍ॅपलने तो गुपचूप बंद केला.

मला यात धडधडीत दिसतं ते असं: अ‍ॅपलला वाटलं लोकांना दिवाणखाना हवा आहे, आणि लोकांना हवा होता बिछाना. उत्तम आवाज हे आयहोमचं बलस्थान कधीच नव्हतं. त्याचं बलस्थान म्हणजे रात्री दोन वाजता डोळे न उघडता सापडणारं मोठं बटण, मंद करता येणारा आकड्यांचा उजेड, आणि गाणी ऐकत झोप लागली तर आपोआप बंद होण्याची सोय. पुढच्या काही मॉडेलांत तर ‘आयहोम’ याच नावाची गाण्यांची यादी आयपॉडमध्ये बनवून ठेवली की गजराला नेमकी तीच वाजायची, झोपताना वाजवायची यादी वेगळी. राहवेच्या कंपनीला हे सुचलं, कारण ती स्वस्त घड्याळ-रेडिओही विकत आली होती. अमेरिकेतल्या हॉटेलांनी ही यंत्रं खोल्याखोल्यांतून मांडली. २००८च्या आर्थिक वर्षात अ‍ॅपलने जवळपास ५ कोटी ४८ लाख आयपॉड विकले. तो आयपॉडच्या विक्रीचा कळस.

त्याच वर्षी पहिली चीर पडली. नव्या आयपॉड नॅनो, टच आणि आयफोन ३जीमधून अ‍ॅपलने फायरवायरची वीज घेण्याची सोय काढून टाकली. ज्या डॉकने १२ व्होल्टच्या वाटेनेच वीज दिली होती, आणि त्यात बोसचा पहिला साउंडडॉकही होता, त्यांच्यावर नवा आयपॉड बसायचा, वाजायचा, पण चार्ज व्हायचा नाही. सकाळपर्यंत बॅटरी संपलेली. गजराच्या यंत्रात यापेक्षा वाईट दोष कोणता? बहुतेक घड्याळं अशा वेळी आपल्या टिट्-टिट् आवाजावर येत, म्हणून लोक निदान उठत तरी.

दुसरी कटकट फोनची. पहिला आयफोन २००७चा. तो जुन्या डॉकवर ठेवला की पडद्यावर सूचना यायची: हे उपकरण आयफोनसाठी बनवलेलं नाही, एअरप्लेन मोड लावू का? कारण जीएसएम फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे झटके सोडतो, आणि ते जवळच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ‘टक-टक-टर्रर्र’ असे उमटतात. फोन येण्याच्या क्षणभर आधी रेडिओ गुरगुरायचा, हे आपल्याकडेही ज्यांनी नोकिया टेपरेकॉर्डरजवळ ठेवला होता त्यांना ठाऊक आहे. म्हणजे उशाशी गाणं हवं तर फोन बंद, आणि फोन हवा तर गुरगुर. पुढच्या डॉकना धातूचं कवच घालून हा प्रश्न सोडवला गेला, पण त्यातून एक गोष्ट उघड झाली. खाचेत आता गाण्याची डबी बसत नव्हती, टेलिफोन बसत होता.

मग १२ सप्टेंबर २०१२. आयफोन ५बरोबर अ‍ॅपलने तीस पिनांची जोडणी मोडीत काढून आठ संपर्कांची ‘लायटनिंग’ आणली. जागा वाचली, उलटसुलट कशीही लागू लागली, तांत्रिकदृष्ट्या निर्णय चुकीचा नव्हता. पण तिच्यातून तयार आवाज बाहेर येत नाही, फक्त डिजिटल संकेत येतात. म्हणून २९ डॉलरच्या जोडणीतुकड्यात आवाज बनवणारी चिप घालावी लागली. तो तुकडा खाचेत लावून त्यावर फोन उभा केला की फोन इंचभर वर उचलला जाई आणि डुगडुगे. भाडेकरूच्या मापाने बांधलेल्या घराची अशीच गत होते. कोट्यवधी स्पीकर त्या दिवशी ठणठणीत होते आणि त्याच दिवशी कालबाह्यही झाले. हॉटेलवाल्यांचं हसं झालं ते वेगळंच: पुढची कितीतरी वर्षं त्यांच्या उशाटेबलांवर ती रिकामी खाच पाहुण्यांकडे बघत बसली होती.

भारतातली गोष्ट जरा निराळी. अ‍ॅपलचं आयट्यून्स हे गाण्यांचं दुकान आपल्याकडे अधिकृतपणे उघडलं डिसेंबर २०१२मध्ये, म्हणजे तीस पिनांचा निकाल लागल्यावर तीन महिन्यांनी. तोवर इथल्या आयपॉडमध्ये सीडीवरून उतरवलेली आणि इकडून-तिकडून मिळवलेली गाणीच असायची. डॉकवालं घड्याळ आलं ते बहुधा अमेरिकेतल्या मुलाच्या किंवा भाच्याच्या बॅगेतून, आणि येताना दोन अडचणी घेऊन आलं. पहिली सर्वांना माहीत असलेली: तिकडे १२० व्होल्ट, इकडे २३०. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर मिळतो. दुसरी अडचण ट्रान्सफॉर्मरने सुटत नाही.

विजेवर चालणारी बरीच घड्याळं सेकंद मोजण्यासाठी विजेच्याच लहरी मोजतात. अमेरिकेत त्या सेकंदाला ६०, भारतात ५०. साठ लहरी म्हणजे एक सेकंद असं शिकलेलं घड्याळ इथे दर तासाला दहा मिनिटं मागे पडतं. रात्री दहाला घड्याळ बरोबर लावून सहाचा गजर ठेवला, तर तो वाजेल सकाळी सात वाजून छत्तीस मिनिटांनी. आजोबांना दोष यंत्राचा वाटतो, भाच्याला आजोबांचा, आणि खरा दोष असतो वारंवारतेचा. ज्या यंत्राला बाहेरच्या अडॅप्टरमधून डीसी वीज मिळते त्याच्या आत क्वार्ट्‌झ स्फटिक असतो, म्हणून ते कुठेही बरोबर चालतं. काहींच्या बुडाशी ५०/६०चा छोटा खटका असतो, तो कुणी बघत नाही.

ही केवळ परदेशी भेटवस्तूची तक्रार नाही. २०१८च्या सुरुवातीला सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यातल्या विजेच्या वादामुळे युरोपच्या जोडजाळ्याची सरासरी वारंवारता पन्नासच्या किंचित खाली राहिली. दोनेक महिन्यांत २५ देशांतली अशी घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे गेली. लोकांना कळलं ते ओव्हनवरच्या आणि उशाजवळच्या आकड्यांवरून.

डॉक मेला म्हणून गजर मेला नाही. तो फोनच्या पोटात शिरला. तिथेही सगळं सुरळीत नव्हतं: १ आणि २ जानेवारी २०११ला जगभर अनेक आयफोनचे एकवेळचे गजर वाजलेच नाहीत, प्रणालीतल्या चुकीमुळे. नववर्षाच्या सकाळी फारसं कुणाचं बिघडलं नसेल, पण उशाचं साधं घड्याळ असं वागत नसे. आयहोमने पुढे ब्लूटूथचे स्पीकर, मागे यूएसबीचं भोक, वर बिनतारी चार्जिंगची तबकडी असे प्रकार काढले. शहाणपण एवढंच की डोक्यावरची खाच त्यांनी हळूहळू बुजवली. आयपॉड क्लासिक सप्टेंबर २०१४मध्ये गेला, शेवटचा आयपॉड टच मे २०२२मध्ये. लायटनिंगलाही सप्टेंबर २०२३च्या आयफोन १५ने निरोप दिला आणि यूएसबी-सी आली. त्याच महिन्यात अ‍ॅपलने फोनला नवी कला शिकवली: चार्जरवर आडवा ठेवला की पडद्यावर मोठ्या आकड्यांचं घड्याळ दिसतं. म्हणजे राहवेचं घड्याळ फोनने गिळलं, आणि आता तो त्याची नक्कल करतो.

एक फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. आयएच५च्या खाचेत बसलेला आयपॉड रात्री कुणाचा निरोप आणत नसे. आजच्या फोनवर गजर बंद करायला बोट जातं आणि अर्धा तास कुठे गेला कळत नाही. हौसेखातर नव्हे, याच कारणासाठी काही लोक पुन्हा जुन्या डॉककडे वळले आहेत, आणि ते मला समजू शकतं.

तुमच्या माळ्यावर असं यंत्र असेल तर भंगारात देण्याआधी तीन गोष्टी पाहा. मागे ३.५ मिलिमीटरचं ‘लाइन-इन’ भोक आहे का? बहुतेकांना असतं, आणि त्यात हेडफोनचं भोक असलेला फोन किंवा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडता येतो. तीस पिनांच्या खाचेत थेट बसणारे रिसीव्हरही मिळतात. घड्याळाची वेळ टिकवणारा बटणसेल संपला असेल, तो बदला. आणि बुडाची पट्टी वाचा: १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर निर्धास्त लावा, फक्त १२० असेल तर ट्रान्सफॉर्मरशिवाय प्लगला हात लावू नका. ५०/६०चा खटका सापडला तर तो पन्नासवर आणा. आणि घड्याळ फक्त ६० हर्ट्‌झवरच चालणारं निघालं, तर त्यावर रेडिओ खुशाल ऐका, पण सहाची गाडी पकडायची असेल तेव्हा गजर दुसरीकडे लावा.