पेसमेकर बसविल्यानंतरचे दिवस

पेसमेकर बसविलेले शेतकरी आतां खेडोपाडीं आढळूं लागले आहेत. शस्त्रक्रिया लहान असते. बहुधा तेवढीच जागा बधिर करून ती करितात आणि रोगी एक-दोन दिवसांत घरीं येतो. घेरी थांबलेली असते, पायांत बळ आलेलें असतें, आणि त्यांतच पेरणी तोंडावर आलेली असली म्हणजे मनुष्य घरीं बसत नाहीं. नुकसान होतें तें बहुधा याच वेळीं.

निरोगी हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यांत एक सूक्ष्म पुंजका असून, स्वस्थ बसलेल्या माणसांत तेथून मिनिटास 60 ते 100 वेळां विजेची बारीक लहर निघते. ही लहर मंदावली किंवा वाटेंत अडली म्हणजे नाडी मंद होते व शुद्ध हरपण्याचीहि भीति असते. ही उणीव भरून काढणारें यंत्र मनुष्यदेहांत प्रथम बसविलें गेलें तें स्टॉकहोम येथें, 8 ऑक्टोबर 1958 रोजीं. यंत्र एल्मक्विस्ट यांनीं रचिलें व सेनिंग या शस्त्रवैद्यांनीं बसविलें. तें कांहीं तासांतच बंद पडलें. तथापि आर्ने लार्सन हा तो रोगी वीसाहून अधिक वेळां यंत्रें बदलून 2001 पर्यंत, म्हणजे वयाच्या 86 व्या वर्षापर्यंत जगला.

हल्लींचें यंत्र 20 ते 50 ग्रॅम वजनाचें असून गळ्याच्या हाडाखालीं, बहुधा डाव्या बाजूस, कातडीखालीं खिसा करून त्यांत ठेवितात. त्यापासून निघालेल्या एक-दोन तारा शिरेंतून हृदयांत गेलेल्या असतात. (तारेवांचून हृदयांतच बसणारीं यंत्रेंहि निघालीं आहेत, त्यांचा विचार येथें केलेला नाहीं.) वरची जखम आठ-दहा दिवसांत मिळून येते, पण तारेचें टोंक हृदयाच्या मांसांत रुजण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आंब्याचें कलम बांधणारास हें सांगावयास नको. वरून बांधणी कितीहि घट्ट दिसली तरी सांधा जुळेपर्यंत काडी हालवावयाची नाहीं. तार निसटली तर घेरी पुनः सुरू होते आणि शस्त्रक्रियाहि पुनः करावी लागते.

म्हणून एवढ्या मुदतींत त्या बाजूचें कोपर खांद्याच्या वर नेऊं नये व त्या हातानें पांच किलोहून जड वस्तु उचलूं नये. पाण्याची घागर, खताचें पोतें, कुऱ्हाड, वैरणीचा भारा हीं सर्व यांत आलीं. बैलाचा कासरा त्या हातांत धरणें विशेष धोक्याचें. जनावर केव्हां हिसका देईल याचा नेम नसतो. पाठीवरचा फवारणीचा पंप तर सहा आठवड्यांनंतरहि डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये, कारण त्याचा पट्टा नेमका यंत्रावर येतो. उलट, भीतीपोटीं हात गळ्यांत बांधून महिनाभर निश्चल ठेवणारेहि आहेत. त्यांचा खांदा आंखडतो, व तें दुखणें जखमेहून अधिक काळ पुरतें. जेवणें, कपडे घालणें, खांद्याखालीं हात पुढें-मागें हालविणें हें पहिल्या दिवसापासून चालूं द्यावें.

आतां रेंगाळणाऱ्या दुखण्याविषयीं. पहिले कांहीं दिवस जागा काळीनिळी पडते, ठणकते. तें ओसरल्यावरहि कांहीं आठवडे, क्वचित् महिने, ओढल्यासारखें वाटणें, व्रणाभोंवतीं बधिरता, थंडींत दुखणें, त्या कुशीवर निजतां न येणें हे प्रकार राहतात. कृश माणसांस यंत्राची कड हातास लागते. हें सर्व हळूहळू उणें होत असेल तर काळजीचें कारण नाहीं. बंडीची शिवण वा पिशवीचा बंद तेथें घासत असेल तर मऊ सुती कपड्याची घडी मध्यें ठेवावी. डॉक्टरांनीं सांगितलेली वेदनाशामक गोळी घेण्यांत कमीपणा मानूं नये. मात्र यंत्र बोटांनीं चाळवूं नये. तें खिशांत फिरून तारा ओढल्या जातात.

घरगुती उपचारांविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. हळदीचा लेप, बिब्बा, शेक, तेलाचें मर्दन यांपैकीं कांहींहि त्या जागीं करूं नये, आणि सुजेंत सुई घालून रक्त काढण्याचा प्रयत्न तर कोणासहि करूं देऊं नये. जंतु एकदां आंत शिरले म्हणजे बहुधा यंत्र व तारा दोन्ही काढाव्या लागतात. दुखणें उणें होण्याऐवजीं वाढत जाणें, लाली, ऊन लागणें, पू, ताप, हात सुजणें, यंत्रावरची कातडी पातळ होणें, पुनः घेरी, धाप, किंवा न थांबणारी उचकी यांपैकीं एकहि लक्षण दिसतांच त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. बाजाराच्या दिवसाची वाट पाहूं नये.

विजेची भीति मात्र लोक फाजील बाळगतात. घरांतील दिवे, पंखे, रेडिओ यांचा कांहीं उपद्रव नाहीं. मोबाइल यंत्रापासून 15 सेंटिमीटर दूर, म्हणजे दुसऱ्या कानाशीं धरावा. चालू इंजिनावर वांकून काम करूं नये. वेल्डिंग डॉक्टरांच्या अनुमतीनेंच करावें. रानडुकरांसाठीं कुंपणास झटका यंत्र जोडलें असेल तर त्या तारेस हात लावूं नये व तें बंद केल्यावांचून दुरुस्तीस जाऊं नये. ओळखपत्र नेहमीं जवळ असावें, आणि मोठ्या चुंबकाची तपासणी करण्याचें ठरल्यास तें आधीं दाखवावें. सर्वच यंत्रांस ती चालत नाहीं.

बॅटरी साधारणपणें आठ-दहा वर्षें, कधीं अधिकहि टिकते. ती एकाएकीं संपत नाहीं; तपासणींत आगाऊ कळते, म्हणून नेमलेल्या तारखा चुकवूं नयेत. त्या वेळीं बहुधा डबीच बदलतात, तारा त्याच राहतात. आणखी एक गोष्ट घरच्यांस सांगून ठेवावी, कितीहि अप्रिय वाटली तरी. मृत्यूनंतर दहनापूर्वीं हें यंत्र काढून घ्यावें लागतें, कारण अग्नींत त्याची बॅटरी फुटते.