पुडीपेक्षा ताई-ची बरी
प्रतिकारशक्तीसाठी चीनमध्ये ‘यू पिंग फेंग सान’ हे चूर्ण शतकानुशतकं घेतलं जातं. त्यात हुआंगची, बायझू आणि फांगफेंग या तीनच वनस्पती. पण घरी करण्याजोगं त्याहून भरवशाचं काही असेल, तर ती संथ हालचालींची ताई-ची. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मायकेल अर्विन यांच्या गटाने 2007 मध्ये 59 ते 86 वयाच्या 112 निरोगी व्यक्तींवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला 16 आठवडे ताई-ची, दुसऱ्याला नुसते आरोग्याचे धडे. मग सर्वांनाच कांजिण्यांची लस. ताई-ची करणाऱ्यांचा पेशीय प्रतिसाद सरस ठरला. प्रयोग लहान होता आणि रक्ततपासणीतली वाढ म्हणजे कमी आजारपण नव्हे, हा आक्षेप रास्तच. तरी ताई-चीने फार तर गुडघे कुरकुरतील. वनौषधी मात्र ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक ठरत नाहीत. बेल्जियममध्ये 1990च्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवण्याच्या औषधांत एका चिनी मुळीऐवजी विषारी ॲरिस्टोलोकिया गेली आणि अनेकांची मूत्रपिंडं निकामी झाली. दोन्ही मुळ्यांच्या नावात ‘फांगजी’ होतं! रक्त पातळ करणारी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऑनलाइन मागवलेली पुडी फोडू नका.