पट्टीमागची भिंत

हॉलच्या एका भिंतीवर लाकडी पट्ट्यांच्या चौकटी मारायच्या आणि पट्ट्यांसकट सगळं एकाच रंगात रंगवायचं, ही टूम मुंबई-पुण्याच्या फ्लॅटांत आता रुळली आहे. ओबडधोबड भिंत झाकायचा स्वस्त उपाय म्हणूनही ती खपते. घडतं मात्र उलटं. कोऱ्या भिंतीवर छत दहा मिलिमीटर कललेलं असलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. छताखाली लेव्हलमध्ये आडवी पट्टी आली की वरचं अंतर एका टोकाला चाळीस, दुसऱ्या टोकाला पन्नास मिलिमीटर होतं आणि नजर तिथेच अडते. म्हणून जाणता सुतार उभ्या पट्ट्या ओळंब्यात धरतो, पण सर्वांत वरच्या पट्टीसाठी लेव्हल बाजूला ठेवून छतापासूनचं अंतर सांभाळतो. कोपऱ्याच्या काटकोनात पडणारा फरक डोळ्याला कळत नाही. चौकटींचं मापही भिंतच ठरवते. 3,650 मिलिमीटर रुंदीत पाच चौकटी हव्यात तर अंतरं सहा. प्रत्येकी 100 धरली की चौकट 610 ची येते. हिशेब शाळकरी आहे, पण उभी पट्टी स्विचबोर्डावर येत असेल तर चार चौकटी धरून तो पुन्हा मांडावा लागतो. करवत हातात घेण्याआधी भिंतीवर मास्किंग टेपने हे सगळं आखून पाहणं मला अर्ध्याहून जास्त काम वाटतं.

पट्ट्या भिंत झाकत नाहीत, यावर कुणी म्हणेल, युरोपातल्या जुन्या घरांत थंड, दमट दगडी भिंती लाकडानेच झाकत होते ना? झाकत होते, पण अखंड फळ्यांनी. आपल्या दोन इंची पट्ट्या भिंतीचा बहुतेक भाग उघडाच ठेवतात, आणि ओल पट्टीमागे दबली तर आधी साध्या एमडीएफची पट्टी फुगते. बाहेरून झिरपणारं पाणी बंद केल्याशिवाय पट्टीला हात लावू नये. दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे: पट्टी आणि भिंतीमधल्या फटी सीलंटने भरता येतात. एक-दोन मिलिमीटरच्या जरूर येतात. त्याहून रुंद भरावाची कड बाजूने दिवा पडला की उठून दिसते. शिवाय अस्सल लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. पावसाळ्यात फुगलं की पंचेचाळीस अंशांचा सांधा बाहेरच्या टोकाला उघडू पाहतो, कोरड्या हवेत आतल्या. हा खेळ कितीही भरलं तरी थांबत नाही. सुकवलेलं लाकूड आणि अरुंद पट्टी घेतली तर कमी होतो. भरायला मात्र ॲक्रिलिक सीलंटच घ्यावं, साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही.