अकरा महिन्यांचा हिशेब

लातूरहून किंवा चंद्रपूरहून पुण्यात नोकरीला आलेला मुलगा वाकडच्या वन बीएचकेसाठी तीन महिन्यांचे डिपॉझिट मोजतो, तेव्हा तो १ फेब्रुवारी १९७३ या तारखेचे पैसे भरत असतो. त्याचा तेव्हा जन्म झालेला नव्हता आणि बहुधा त्याच्या घरमालकाचाही नव्हता. तरीही दोघांमधला व्यवहार आजही त्या तारखेच्या धाकाखालीच चालतो.

मागची गोष्ट अशी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागेची टंचाई झाली. भाडी भडकू नयेत म्हणून सरकारने ती बांधून टाकली, आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० ची भाडी प्रमाण मानली. युद्ध संपले, पण भाडी तिथेच राहिली. भाडेकरूला काढणे जवळपास अशक्य झाले. तेव्हा मालकांनी पळवाट शोधली. घर भाड्याने द्यायचेच नाही, फक्त वापरायला द्यायचे, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. कागदावर भाडेकरू कुणी नसल्याने भाडेकरूचे संरक्षणही कुणाला मिळत नव्हते. १९७३ च्या दुरुस्तीने सरकारने ही पळवाट बंद केली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर जो लायसन्सवर राहत होता, तो त्या दिवसापासून भाडेकरू मानला गेला. अकरा महिन्यांसाठी आलेल्या माणसाला एका रात्रीत पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क मिळाला.

राहणाऱ्यांच्या दृष्टीने हा न्याय होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मालकांच्या मनात तेव्हा बसलेली भीती पुढे कधी गेलीच नाही. ‘माणूस बसला की उठत नाही’ हे वाक्य मराठी मध्यमवर्गाने मुलांना पाढ्यांसारखे पाठ करून दिले. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. पाच-पंचवीस रुपये भाडे येणाऱ्या वाड्याची कौले मालक कशाला बदलेल? आणि वाडा आपला नाही म्हटल्यावर भाडेकरू तरी कशाला बदलेल? पावसाळ्यात भिंत खचायची, टेकू लागायचे आणि खटला पुढच्या पिढीकडे जायचा.

पुढे कायदा मालकाकडे झुकत गेला. भाडे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी ठरल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातले कलम २४ घर देणाऱ्या आणि घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावे. लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्याने जागा सोडायची, नाही सोडली तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचे, आणि ताबा मिळेपर्यंतच्या काळासाठी राहणाऱ्याने दुप्पट रक्कम भरायची. दिवाणी न्यायालयात वीस वर्षे चपला झिजवण्याची वेळ आता मालकावर येत नाही.

थोडक्यात, ज्या भीतीपोटी डिपॉझिट वाढले, मुदत अकरा महिन्यांवर आली आणि ‘फॅमिलीच पाहिजे’ ही अट आली, त्या भीतीचे कायद्यातले कारण पंचवीस वर्षांपूर्वीच गेले. दर मात्र उतरला नाही. नव्या शहरात आलेला माणूस जागेचे भाडे देतो आणि त्यावर मालकाच्या भीतीचेही भाडे देतो. हे दुसरे भाडे किती, ते मोजता येते.

आधी अकरा महिन्यांबद्दल. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. नोंदणी टाळायची म्हणून देशभर अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने मुदत कितीही असली तरी लेखी करार आणि त्याची नोंदणी सक्तीची केली. ही जबाबदारी मालकाची आहे आणि ती पाळली नाही तर त्याला दंड व कैदही होऊ शकते. शिवाय नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे इथे अकरा महिन्यांनी नोंदणी चुकत नाही आणि मुद्रांकही वाचत नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला मुद्रांक शुल्काचा दर एकच आहे, ०.२५ टक्के. तरीही एजंटच्या लॅपटॉपमधल्या नमुन्यात अकराचा आकडा आधीच भरलेला असतो.

आता पैशांकडे येऊ. समजा, भाडे २०,००० आणि डिपॉझिट ६०,००० आहे. सरकारला जाणारे पैसे किरकोळ असतात. अकरा महिन्यांचे भाडे २,२०,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेले व्याज ५,५००, अशा एकूण २,२५,५०० रुपयांवर पाव टक्का म्हणजे ५६४ रुपये. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. अंगठा घ्यायला घरी येणाऱ्याचा मेहनताना धरून अडीच हजारांत काम होते. खरा खर्च याच्या बाहेर असतो. एजंटला एक महिन्याचे भाडे, म्हणजे २०,०००. टेम्पो आणि हमालीचे ७,००० धरू. घर सोडताना ‘पेंटिंग आणि डीप क्लीनिंग’ म्हणून डिपॉझिटमधून कापले जाणारे १५,००० धरू. ६०,००० रुपये बँकेत राहिले असते तर सात टक्क्यांनी महिन्याला ३५० मिळाले असते. ही सगळी बेरीज अकराने भागली तर महिन्याला सुमारे ४,४०० येतात. म्हणजे वीस हजारांचे घर चोवीस हजार चारशेला पडते.

तोच माणूस त्याच घरात तीन करार, म्हणजे तेहतीस महिने राहिला आणि मालकाने दर करारात आठ टक्के वाढ घेतली, तर भाडे आधी २१,६०० आणि मग २३,३२८ होते. सरासरी निघते साधारण २१,६५०. एजंट, टेम्पो आणि रंगाचा खर्च मात्र एकदाच होतो आणि तेहतीस महिन्यांत विभागला जातो. सगळे मिळून महिन्याला सुमारे २३,५०० पडतात. आठ टक्के वाढ सोसूनही एका घरात टिकणारा माणूस, दर अकरा महिन्यांनी वीस हजारांचेच घर शोधणाऱ्यापेक्षा महिन्याला नऊशे रुपयांनी स्वस्तात राहतो. आणि दर वेळी वीस हजारांचेच घर मिळेल हे गृहीत धरणेही उदारपणाचे आहे. २०२२ मध्ये कार्यालये पुन्हा भरू लागली तेव्हा हिंजवडी, बाणेर, खराडीत ज्यांचे करार संपले, त्यांना हे चांगले ठाऊक आहे.

मालकाचेही यात नुकसानच होते. घर एक महिना रिकामे राहिले की त्याची आठ टक्क्यांची वाढ त्यातच जाते. या खेळात दर वर्षी निश्चित कमाई होते ती एकट्या एजंटची. करार नूतनीकरणाचे म्हणूनही तो अर्ध्या महिन्याचे भाडे मागतो, आणि घर तेच, माणसे तीच असताना ते का द्यायचे, असे विचारायचे सुचत नाही म्हणून लोक देतात.

पैशांत न मोजता येणारा भागही आहे. एजंटचा फोनवरचा पहिला प्रश्न असतो, ‘सर, फॅमिली की बॅचलर?’ दुसरा प्रश्न आडनावाचा. जात थेट विचारली जात नाही. ‘गाव कुठलं?’, ‘नॉनव्हेज चालतं का?’ अशा वळणांनी ती काढून घेतली जाते. आडनाव कळल्यावर ‘मालकांशी बोलून सांगतो’ म्हणणारा एजंट पुन्हा फोन करत नाही. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना हा अनुभव पुण्या-मुंबईत नवा नाही, आणि त्यांना त्याची झळ पैशांतही बसते. ज्याच्यासाठी दहातली सात दारे बंद असतात, त्याला उरलेल्या तीन दारांशी घासाघीस करता येत नाही. एकट्या राहणाऱ्या बाईचेही तेच. तिला रात्री परतण्याच्या वेळेचा हिशेब वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना द्यावा लागतो.

सोसायटी हा या व्यवहारातला तिसरा पक्ष, आणि बऱ्याचदा सर्वांत आगाऊ. घर भाड्याने दिले म्हणून सभासदाकडून घ्यायच्या नॉन-ऑक्युपन्सी शुल्काला राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने मर्यादा घातली. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि ते द्यायचे मालकाने. व्यवहारात राहायला येतानाचे शुल्क, जातानाचे शुल्क, लिफ्टमधून सामान नेण्याचे शुल्क अशी नावे शोधून भाडेकरूकडून वसुली चालते. पावती मागितली तर आकडा बरेचदा खाली येतो.

फ्लॅट परवडत नाही त्यांचे पुणे वेगळे आहे. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत स्पर्धा परीक्षांची मुले ‘कॉट बेसिस’वर राहतात. घर तर सोडाच, खोलीही भाड्याने नसते, भाड्याने असते ती कॉट. तिच्या उशाशी एक खिळा, खाली ट्रंक ठेवण्याइतकी जागा, आणि भिंतीवर चार्जिंगचा एक पॉइंट चौघांत. दिवस अभ्यासिकेत जातो, तिथल्या खुर्चीचे भाडे निराळे. जेवण मेसमध्ये.

मेसचे अर्थशास्त्र ‘खाडा’ या एका शब्दाभोवती फिरते. न जेवलेल्या वेळेला खाडा म्हणतात, आणि तो कधी धरायचा हे मेसवाल्या काकू ठरवतात. बहुतेक ठिकाणी ठरावीक दिवस सलग गेल्याशिवाय पैसे वजा होत नाहीत. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. समजा, महिन्याचे ३,५०० दिले. चार रविवारच्या संध्याकाळी सोडल्या तर ५६ वेळा जेवता येते, ताट साडेबासष्ट रुपयांना पडते. दोनदा गावी जाऊन आले, एखाद्या दिवशी लेक्चर लांबले, असे करत ४५ वेळाच जेवण झाले की तेच ताट ७८ रुपयांचे होते. काकूंना दोष देता येत नाही, कणीक तर त्यांनी साठ ताटांची मळलेली असते. म्हणून जुनी मुले नव्याला पहिला सल्ला देतात: पहिल्या महिन्यात महिनेवारी लावू नको, कूपन घे.

परगावच्या माणसाचे पोट हा महाराष्ट्रातल्या शहरांचा जुना व्यवसाय आहे. गिरणगावात एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले. सावकाराकडे न जाता त्यांना बँकेचे कर्ज मिळावे हा हेतू होता. पेठांतल्या मेसवाल्या काकूंची अशी संघटना कुणी बांधल्याचे ऐकिवात नाही.

बिलांत लोक फसतात ते विजेच्या. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो: पहिली शंभर युनिट स्वस्त, तीनशेपर्यंत महाग, त्यापुढे आणखी महाग. एकाच मीटरवर मालकाचा मजला आणि तुमच्या दोन खोल्या असतील तर दोघांचा वापर एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातो. मग मालक सबमीटर बघून ‘युनिटला पंधरा रुपये’ म्हणतो. घर बघताना जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत तुमच्या घराच्या नावाचा स्वतंत्र मीटर आहे का, एवढे बघितले तरी पुरे. कडेच्या उपनगरांत दुसरा प्रश्न पाण्याचा. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे की वेगळा, हे उन्हाळ्यात कळण्यापेक्षा करारात लिहिलेले बरे.

कराचेही एक टोक मालकाच्या हातात असते. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावर सूट घ्यायची आणि वर्षाचे भाडे एक लाखावर असेल, तर मालकाचा पॅन द्यावा लागतो. ‘थोडं कॅशमध्ये द्या, भाडं कमी करतो’ म्हणणारा मालक बहुधा स्वतःचा कर वाचवत असतो आणि तुमची सूट घालवत असतो. कमी केलेले भाडे आणि गेलेली सूट कागदावर मांडा आणि मग हो म्हणा.

एवढे होऊनही घरे कमी आहेत असे नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने मुंबईतला आकडा सुमारे ४.८ लाख सांगितला. त्याच अहवालानुसार भारतीय शहरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. ही सगळी घरे भीतीमुळे रिकामी नाहीत. काही गुंतवणूक म्हणून घेतलेली आहेत, काही गैरसोयीच्या ठिकाणी आहेत. पण ‘कुलूप परवडलं, भाडेकरू नको’ म्हणणारे मालक प्रत्येक सोसायटीत दोन-चार भेटतात. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याखेरीज तो लागू होत नाही.

म्हणून नव्या शहरात जाणाऱ्याने आपल्यापुरते एवढे करावे. डिपॉझिट बँकेतून द्यावे, रोख नको. घरात शिरताना भिंती, नळ आणि फर्निचरचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. नोंदणीनंतर कराराची प्रत स्वतःकडे घ्यावी. रंगाचे किती कापणार हा आकडा करारात लिहून घ्यावा, ‘नॉर्मल चार्जेस’ या शब्दांवर सही करू नये. आणि करार छत्तीस महिन्यांचा मागावा, वार्षिक वाढ त्यातच ठरवून. मालक कचरला तर त्याला कलम २४ ची छापील प्रत द्यावी. कायदा त्याच्या बाजूने आहे, हे त्याला अजून कुणी सांगितलेले नसते.